विमानतळ ते उंबरा

॥ श्री ॥
राजेंद्र नगर, इंदूर
शनिवार, २ ऑगस्ट २०२५

ती. सौ. मंजिरीताई यांस,
धाकट्या जावेचा, इंदुमतीचा शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. शामभावजी काठीशिवाय गॅलरीपर्यंत जाऊ लागले हे वाचून देवापुढे साखर ठेवली. फोनवर तुम्ही तेच सांगितलं होतं, पण फोनवर अर्धं तुमचं घर ऐकतं आणि अर्धं माझं. खरं काय ते पत्रातच कळतं.

आता मुद्द्याचं. वर्षभर एक गोष्ट पोटात ठेवली आहे, आज सांगते, रागावू नका. आपल्या गौरी खड्यांच्या. मुखवटे नाहीत, शालू नाहीत. वाहत्या पाण्यातले सात खडे, घरच्या सुनेने स्वतः आणलेले. सासूबाईंनी आणले, मग तुम्ही, आणि तुमचं बिऱ्हाड ठाण्याला गेल्यापासून मी. पण गेल्या भाद्रपदात माझी कंबर धरली होती, म्हणून ह्यांना पाठवलं. हे सियागंजातून किराणा घेऊन येताना वाटेतल्या एका दुकानातून पांढरेशुभ्र, एकदम चकाचक खडे घेऊन आले. मी हळदकुंकू वाहिलं, घावन-घाटल्याचा नैवेद्य दाखवला. तिसऱ्या दिवशी ह्यांनी कबूल केलं की काचेच्या पेटीत मासे पाळतात ना, तिच्या तळाशी घालायचे ते खडे. ताई, मी माशांच्या खड्यांची आरती केली! महालक्ष्मी रागावली नसावी, कारण वर्षभरात फक्त मिक्सर जळला. तरी मनाला लागून राहिलं.

तुमच्या घरामागे येऊरच्या डोंगरातून ओढा येतो असं तुम्हीच लिहिलं होतं. तर ह्या वर्षी खडे तिथले, आणि आणायचे तुम्ही. मोठी सून तुम्ही, आणि शेवटच्या ह्या उंबऱ्यातून आत आलात त्याला अकरा वर्षं झाली.

नियम ठाऊक आहेतच, तरी सासूबाईंच्या वहीतून उतरवते. खडे उचलताना बोलायचं नाही. तांब्या लाल फडक्याने बांधायचा. मूळ नियम पाण्यापासून उंबऱ्यापर्यंत मौन असा, पण एका वर्षी त्यांनी नर्मदेवरून, बडवाह्याहून बसने गौरी आणल्या, तेव्हा कंडक्टरशी बोलावं लागलं. त्यावरून त्यांनी लिहून ठेवलंय की मधल्या वाटेचं देवी माफ करते, पण इंदुरात पाय टेकल्यापासून आपल्या उंबऱ्यापर्यंत एक अक्षर नाही, मागे वळून पाहणं नाही आणि तांब्या हातातून खाली ठेवणं नाही. तुमच्यासाठीही तेच धरू.

आवाहन रविवारी ३१ तारखेला, संध्याकाळी साडेपाचच्या आत. नाही म्हणू नका.

लोभ आहे, त्याला ह्या वर्षी प्रत्यक्ष पाहायची इच्छा आहे.
आपली,
इंदुमती


ठाणे
राखी पौर्णिमा, ९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. इंदू हिस,
मंजिरीचे अ. उ. आ.

पत्र वाचून इतकी हसले की हे आतून विचारू लागले कोण आलंय. माशांच्या खड्यांबद्दल रामभाऊ भावजींना माझ्याकडून दंड म्हणून तीन दिवस त्यांनीच भांडी घासावीत. देवीचं म्हणशील तर तिला गंमतच वाटली असेल. एवढे स्वच्छ खडे तिला कधी मिळाले होते?

येण्याचं मात्र सोपं नाही गं. ह्यांचा गुडघा नवा बसवलाय, हे येऊ शकत नाहीत. माझ्या लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एकटी मी कुठे गेले असेन तर दळणाला. मी हृषीकेशला म्हटलं, मी जाणार. त्याने आधी ऐकलंच नाही असं केलं. मग म्हणाला की आई, विमानात बसवायला मी आहे, विमान काही वाट चुकत नाही, पण उतरल्यावर काकूच्या घरापर्यंत तू जाणार कशी? मी म्हटलं, अख्खं इंदूर जातं तशी.

शेवटी त्याने अट घातली. ऑफिसात करारमदार करतो ना, त्याच तोंडाने सांगितली. इंदूरच्या विमानतळावरून तुमच्या दारापर्यंत मी एकटीने पोचायचं, कुणीही आणायला यायचं नाही. पोचले तर दरवर्षी तिकीट काढून देईन, मनाला येईल तितके दिवस राहा. पण काकाला स्कूटर काढून मला शोधत फिरावं लागलं, तर ह्यापुढे जायचं ते त्याच्याबरोबर, त्याच्या सवडीने. आणि त्याची सवड तुला माहीत आहे. अकरा वर्षांत आलेली नाही.

मी हो म्हटलं आहे. रागाच्या भरात म्हटलं, आता निभवायला हवं. हे पत्र फोडून वाचणारे तुझे यजमान हसू देत, पण मला नीट लिहून कळव, विमानतळावरून काय बरं, टॅक्सी की ती तुमची नवी मेट्रो? पेपरात फोटो पाहिला. पिवळी गाडी छान दिसते.

खडे मी आणतेच. ओढा भरून वाहतो आहे.

माया आहे तशी राहू दे, वाढली तर माझी तक्रार नाही.
मंजिरी


॥ श्री ॥
राजेंद्र नगर, इंदूर
शनिवार, १६ ऑगस्ट २०२५

ती. सौ. मंजिरीताई यांस,
इंदुमतीचा शि. सा. न. वि. वि.

हृषीकेशची अट वाचली. तुम्ही येणार आणि एकट्याच येणार, माझ्या मनात हे पक्कं आहे. बडा गणपतीला एकवीस दूर्वांच्या एकवीस जुड्या बोलले आहे. दूर्वा आपल्या कॉलनीतच भरपूर, त्यामुळे नवस झेपेल असाच आहे.

तुम्ही विचारलं म्हणून घरात चर्चा काढली, तर ह्यांनी भेजाच फिरवला. हे मेट्रोच्या बाजूने. सुरू झाली तेव्हा पहिला आठवडा फुकट होती, त्यात हे दोनदा बसून आले आणि तेव्हापासून मेट्रो जणू ह्यांनीच बांधली आहे. मी एकदाच बसले. खरं सांगते, गाडी झकास आहे. थंडगार, काचेसारखी साफ, स्टेशनांना राण्यांची नावं, भाडं बोर्डावर लिहिलेलं, घासाघीस नाही. कुणी काही विचारत नाही, आपण काही बोलावं लागत नाही. दर रविवारी अर्धं इंदूर शेवेचे डबे घेऊन नुसतं फिरायला बसतं.

टॅक्सी महाग, पण दारातून दारात. विमानतळापासून चंदन नगर, फूटी कोठी, की आपलं घर. माझं मत टॅक्सी. वर्षभराच्या भाजीत थोडं थोडं वाचवून ते भाडं मी देईन, तुम्ही पर्स उघडायची नाही. हृषीकेश तिथून मोबाइलवर गाडी बुक करून देईल असं तुम्ही फोनवर म्हणालात, म्हणजे मग टेन्शनच नाही. ड्रायव्हर फोन करून विचारेल कुठे उभ्या आहात, तुम्ही सांगायचं. मग चार आकड्यांचा नंबर सांगायचा. मग घराच्या वळणावर पाण्याच्या टाकीपासून डावीकडे घ्या असं सांगायचं. झालं!

विमानातून उतरल्यावर मौन विसरू नका. मी दारात भाकरतुकडा आणि हळदीची पावलं काढून उभी असेन. सासूबाई विचारायच्या तसं मी विचारेन की गौर कशाच्या पावलांनी आली, आणि तुम्ही म्हणायचं सोन्यारुप्याच्या पावलांनी आली. तोच तुमच्या तोंडून निघालेला इंदुरातला पहिला शब्द.

मेट्रोचं अजून एक सांगायचं होतं, पण पान भरलं. जुन्या कॅलेंडरची पाठकोरी पानं जपून वापरते, एका ओळीसाठी नवीन पान फाडवत नाही. तसंही तुम्ही टॅक्सीनेच येणार. भेटीत सांगेन.

लोभ पानाच्या कडेला लिहिते आहे म्हणून लहान समजू नये.
इंदुमती


ठाणे
शनिवार, २३ ऑगस्ट २०२५

चि. सौ. इंदूस अ. उ. आ.

घाईत लिहिते. तिकीट आलं. विमान रविवारी अडीच वाजता तुमच्याकडे उतरतं. हृषी रोज संध्याकाळी शिकवणी घेतो. टॅक्सीचा नंबर कसा वाचायचा, चार आकडे कुठे दिसतात, फोन आला तर हिरवं बटण कसं सरकवायचं. काल परीक्षा घेतली, दहापैकी नऊ दिले. चष्मा शोधण्यात एक गेला.

मौनाचाही सराव चालू आहे. दुपारी दोन ते चार बोलत नाही. ह्यांना ते इतकं आवडलं की काल चार वाजून गेले तरी घड्याळाकडे बघेनात.

तांब्या घासून ठेवला. तुझ्या नवसाला माझ्याकडून एक जुडी जास्त धर.

आता लोभ घेऊन मीच येते.
मंजिरी


॥ श्री ॥
राजेंद्र नगर, इंदूर
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

चि. हृषीकेश यास,
काकूचे अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुझ्या आईच्या पर्समध्ये ठेवून पाठवते आहे. तिला वाचू दिलेलं नाही. रविवारपासून तू फोनवर सारखं एकच म्हणतोस की आई उलट दिशेला गेली, सतरा फोन केले, एक उचलला नाही, म्हणजे अट मोडली. बेटा, तुझी काळजी मी समजू शकते, पण पूर्ण हकिगत तुला कुणी सांगितलेली नाही. ताई तुझ्यापुढे गप्प बसतात आणि तुझे काका मध्ये मध्ये बोलतात. म्हणून मी बसून लिहिते. मी अकरावी मॅट्रिक, वकील नाही, पण जे झालं ते जसंच्या तसं मांडते.

मुंबईच्या तपासणीत शिपायाने तांब्यातून सात दगड काढले आणि विचारलं की हे काय. तिथे बोलायला परवानगी होती, तेव्हा ताईंनी सांगितलं की ह्या माझ्या सासूच्या महालक्ष्म्या. त्याने पुन्हा नीट बांधून दिले आणि म्हणाला की माझ्याही नावाने एक नमस्कार सांगा. तो सांगितला आहे.

इंदुरात पाय टेकला आणि मौन सुरू झालं. ताईंच्या उजव्या हातात तांब्या, डाव्या हातात बॅग, गळ्यात पर्स, पर्समध्ये फोन आणि चष्मा. तू बुक केलेली टॅक्सी अगदी वेळेवर आली, तुझी काहीच चूक नाही. ड्रायव्हरने फोन केला. ताईंनी बॅग पायाशी ठेवून डाव्या हाताने हिरवं बटण सरकवलं, तू शिकवलंस तसं. तो विचारू लागला की मॅडम कहाँ खड़े हो, कौन सा गेट. आता ताई काय सांगणार? तो हॅलो हॅलो करून थकला आणि त्याने गाडी रद्द केली. मग दुसरी आली. तिचंही तेच.

हृषीकेश, ही चूक माझी आहे. एकाच पानावर मी लिहिलं की मौन विसरू नका, आणि त्याच पानावर लिहिलं की ड्रायव्हरला सांगा, नंबर सांगा, वळण सांगा. लिहिताना मला दिसलं नाही, वाचताना ताईंना दिसलं नाही, आणि दहापैकी नऊ मार्क देणाऱ्या मास्तरांनाही दिसलं नाही.

बाहेर टॅक्सीवाले होतेच, पण ते चहूबाजूंनी भाव सांगू लागले. तुझी आई आयुष्यात घासाघीस केल्याशिवाय कोथिंबिरीची जुडी घेत नाही. मुक्याने भाव कसा करायचा? तेवढ्यात एक ई-रिक्षावाला ओरडला, मेट्रो, मेट्रो. तेव्हा त्यांना माझं पत्र आठवलं. भाडं बोर्डावर लिहिलेलं, कुणाशी बोलावं लागत नाही. त्या सरळ जाऊन बसल्या. त्यात शेवेचा डबा घेऊन मेट्रो बघायला निघालेलं एक कुटुंब होतं.

तिकीट खिडकीवर ताईंनी बोर्डावरच्या शेवटच्या नावावर बोट ठेवलं. त्यांचा हिशेब असा की गाडी विमानतळापासून निघते तर शेवटी शहरातच जाणार, दुसरं कुठे जाईल? मला जी एक ओळ लिहायची राहिली ती हीच होती. आपली मेट्रो अजून शहरात येतच नाही. सुपर कॉरिडॉरवर पाच स्टेशनं आणि खलास. घर एकीकडे, गाडी दुसरीकडे. एक पान वाचवायला गेले आणि जाऊबाईंना इंदूरच्या दुसऱ्या टोकाला पाठवून दिलं.

गाडीत काय झालं ते ताईंनी सांगितलं तेव्हा तुझे काका सोफ्यावरून घसरले. त्या कुटुंबातल्या बाईंनी विचारलं, आंटीजी, कहाँ जाना है? ताई नुसत्या हसल्या. बाईंनी ठरवलं की बिचारी गूंगी है. मग सगळे मोठ्या आवाजात, हातवारे करून बोलू लागले. ताईंना कानाने ऐकू येतं हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. एक म्हातारबाबा लाल फडक्यातला तांब्या बघून हळूच म्हणाले की अस्थी आहेत, नर्मदेवर चालली असेल. झालं! सगळ्यांनी हात जोडले, जागा करून दिली, आणि त्या बाईंनी पदराने ताईंचे डोळे पुसले. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं खरं, पण ते हसू दाबल्यामुळे. इकडे पर्समध्ये तुझा फोन वाजतोय, वाजतोय.

शेवटच्या स्टेशनावर सगळे उतरून फोटो काढू लागले. ताई बाहेर आल्या तर रुंद रस्ता, मोकळी माळरानं आणि लांब एक उंच इमारत. ना राजवाडा, ना बाजार. तेव्हा मात्र त्या घाबरल्या. सव्वाचार वाजले होते.

तिथल्या पहाऱ्यावर एक बाई होत्या, पन्नाशीच्या, छातीवर इंदिरा नावाची पट्टी. त्यांनी विचारलं कुठे जायचंय. ताईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि तांब्या दाखवला. इंदिराबाईंनी कुंकू बघितलं, बांधलेलं फडकं बघितलं आणि लगेच म्हणाल्या, मौन है न, माताजी? ताईंनी मान हलवली. मग त्या एक एक नाव घेऊ लागल्या. राजवाडा? तुकोगंज? राजेंद्र नगर? ताईंनी इतक्या जोराने मान हलवली की तांब्यातले खडे वाजले. मग इंदिराबाई म्हणाल्या की घरी फोन लावून देते, कुणी येऊन घेऊन जाईल.

आणि इथे, हृषीकेश, तुझ्या आईने नाही म्हणून मान हलवली. एकदा नाही, तीनदा. कारण कुणी घ्यायला आलं असतं तर अट मोडली असती. अनोळखी जागा, तोंड बंद, हात अडकलेले, आणि एका मानेच्या होकारावर मदत मिळत असताना सहासष्ट वर्षांची बाई नाही म्हणते. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी लिहिते आहे.

इंदिराबाईंनी रस्त्यावर एक ऑटो थांबवली आणि ताईंच्या वतीने स्वतः भाव केला. ऑटोवाल्या भियाला बजावलं की माताजींचं मौन आहे, एक सवाल करायचा नाही. तो इतका मनावर घेऊन बसला की त्याने गाणं बंद केलं आणि पूर्ण रस्ता स्वतःही बोलला नाही. वळण आलं की हाताने विचारायचा, ताई मानेने सांगायच्या. फूटी कोठीच्या जाममध्ये मागचा गाडीवाला हॉर्न वाजवत राहिला, तर हा खाली उतरला आणि ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. एका गल्लीत त्याने ऑटो रिव्हर्स घेतली, तेव्हा मागे बघणं होऊ नये म्हणून ताईंनी डोळे मिटून घेतले.

आता माझा गुन्हा. तू मला चौथा फोन केलास आणि म्हणालास की नकाशात आईच्या फोनचा ठिपका सुपर कॉरिडॉरवर दिसतोय, काकांना ताबडतोब पाठवा. हे चप्पल घालून निघालेच होते. मी स्कूटरची किल्ली काढून घेतली आणि देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे ठेवली. ह्यांना म्हटलं की साडेपाचपर्यंत ह्या किल्लीला हात लावायचा नाही. हे मला काय काय म्हणाले ते लिहीत नाही.  नवसाच्या दूर्वांच्या जुड्या एकवीसच्या एकावन्न केल्या. पण किल्ली दिली असती आणि ताई दोन मिनिटांनी आल्या असत्या, तर पुढची सगळी वर्षं त्या तुझ्या सवडीची वाट बघत बसल्या असत्या. रागावायचं असेल तर माझ्यावर रागव.

पाच वाजून वीस मिनिटांनी ऑटो दारात आली. मी पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि विचारलं की गौर कशाच्या पावलांनी आली. ताईंनी दोन वाजून तीस मिनिटांपासून कोंडलेलं तोंड उघडलं आणि म्हणाल्या, मेट्रोच्या पावलांनी आली! मग जीभ चावली आणि सोन्यारुप्याच्या म्हणाल्या, पण तोवर ऑटोवालाही हसायला लागला होता. देवीने पहिलंच उत्तर ऐकून घेतलं असं मी धरते.

आज सकाळी आम्ही दोघी मेट्रोने मुद्दाम शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो आणि इंदिराबाईंना ओटी आणि प्रसाद देऊन आलो. जाताना-येताना इतक्या बोललो की समोरच्या माणसाने डबा बदलला.

तर बेटा, तुझी अट मी पुन्हा वाचली. त्यात एकटीने पोचायचं असं होतं. न चुकता पोचायचं असं कुठे लिहिलं नव्हतं. फोन उचलायचा असंही नव्हतं. बाकी तू समजूतदार आहेस.

लोभ तुझ्यावर लहानपणापासूनचा आहे, तो ह्या पत्राने हलू देऊ नकोस.
काकू


ठाणे
अनंत चतुर्दशी, ६ सप्टेंबर २०२५

चि. सौ. इंदूस,
मंजिरीचे अ. उ. आ.

पोचले. सुखरूप आणि, सांगायला आनंद वाटतो, पुन्हा एकटी.

त्याचं असं झालं. मुंबईत उतरले तर हृषीचा फोन. ह्या वेळी पहिल्या रिंगला उचलला. तो गाडीत अडकला होता. म्हणाला की आई, जिथे आहेस तिथेच उभी राहा, अर्ध्या तासात येतो, हलू नकोस. मी म्हटलं, तू परत फीर, मी घरी भेटते. तो काही म्हणायच्या आत लाल बटण दाबलं, ते तर न शिकवताही येतं. टॅक्सीच्या रांगेत उभी राहिले, नंबर सांगितला, वळणं सांगितली आणि इंदुरात शिल्लक राहिलेलं सगळं बोलणं ड्रायव्हरपाशी बोलून घेतलं. ठाणं येईपर्यंत त्याला माशांच्या खड्यांचीही गोष्ट ठाऊक झाली होती.

हृषीच्या आधी वीस मिनिटं घरी पोचले. तो आला तेव्हा मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. त्याला विचारलं की हृषीकेश कशाच्या पावलांनी आला? त्याने आधी घड्याळ बघितलं. मग म्हणाला, ट्रॅफिकच्या. आणि हसला. पाच दिवसांनी हसला गं.

जेवण झाल्यावर तुझं पत्र दिलं. त्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. अस्थींपाशी ह्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. पण इंदिराबाईंपाशी आल्यावर पुढचं त्याने मनातच वाचलं. पत्राची घडी करून पाकिटात घातली. मग विचारलं की आई, तिथे तुला भीती वाटली होती का? मी खरं तेच सांगितलं. वाटली होती, पण फोन लावला असता तर जास्त वाटली असती, ती दरवर्षीची.

त्यावर तो म्हणाला की तिकीट दरवर्षी काढीन, ते ठरलंच. पण पुढच्या वर्षी दोन काढीन म्हणतो. तू मला घेऊन जा.

अकरा वर्षं ज्याची सवड बघितली, तो मला घेऊन जा म्हणतो. मी लगेच हो म्हटलं नाही. करारमदार मलाही येतात. मी सांगितलं की नेईन, पण इंदुरात पाय टेकल्यापासून काकूच्या उंबऱ्यापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही, मागे वळून पाहायचं नाही आणि फोन माझ्या पर्समध्ये. त्याने फार विचार केला आणि मान हलवली. ते ऐकून हे आतून म्हणाले की मग गुडघा कसाही असो, आपणही येणार. एवढी शांतता घरबसल्या मिळायची नाही.

तेव्हा तीन पानं जास्त वाढायची तयारी ठेव. भावजींना सांग, स्कूटरची किल्ली आता गणपतीमागून काढायला हरकत नाही. एकावन्न जुड्या मात्र पुऱ्या कर.

ह्या पाकिटात एक कोरं पान घातलं आहे, दोन्ही बाजूंनी कोरं. ते खास तुझ्यासाठी, राहिलेल्या ओळींकरता. मेट्रो आपल्या बाजूला कधी येते ते त्यावर कळव. नाही आली तरी आम्ही येतोच आहोत.

लोभ पोचला, पोचपावती म्हणून हे पत्र समज.
तुझी जाऊ,
मंजिरी